खंड्याचा उतार : वडगावातल्या एका घराचं प्रकरण

मी धंद्यानं सिव्हिल सुपरवायझर. बेळगाव-खानापूर पट्ट्यात आजवर किती जिने ओतून घेतले याची मोजदाद नाही. पण कुत्र्यासाठी उतार करायची वेळ गेल्या वर्षी पहिल्यांदा आली. त्यात पहिल्याच दिवशी मी जी चूक केली, ती साइटवर नव्या पोरानं केली असती तर त्याला चार माणसांत झापलं असतं. ती चूक आणि पुढचं सगळं मापांसकट लिहितोय, कारण असंच म्हातारं जनावर आणि असंच उंच जोत्याचं घर आपल्याकडं पुष्कळांचं आहे.

घर बेळगावच्या वडगावातलं, आत्याचं. मागवाल्यांची जुनी घरं बेळगावकरांना सांगायला नकोत: रुंदी चौदा फूट, लांबी चाळीस, पुढं सोपा, मधे मागाची खोली, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर माडी. माग विकून बरीच वर्षं झाली, पण खोली अजून मागाचीच. पावसाळ्यात गल्लीतून पाणी वाहतं म्हणून जोतं उंच. पुढच्या दाराला चार पायऱ्या, खाली हातभर जागा, की लगेच गटार. घराच्या उजव्या अंगाला साडेतीन फुटांचा बोळ आहे, तो परसाकडं जातो. त्या बोळात मागाच्या खोलीचं एक दार उघडतं. पूर्वी तिथून सुताची गाठोडी आत यायची. आता त्या दारामागं रिकामे डबे आणि एक मोडकी सायकल.

खंड्या आत्याचा कुत्रा, बारा वर्षांचा, मुधोळच्या रक्ताचा. पुरता जातिवंत नव्हे, पण लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि काठीसारखे पाय हे सगळं तिकडचंच. मुधोळ आमच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या या कुत्र्यांना गावाकडं कारवानी म्हणतात आणि २००५ साली पोस्टानं त्यांचं तिकीटही काढलं होतं. पळण्यासाठी घडलेलं जनावर. असलं कुत्रं काट्यावर एकतीस किलो भरलं तेव्हा डॉक्टरांनी आधी काट्याकडं बघितलं आणि मग आत्याकडं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा कुंदा, म्हणजे आमच्याकडची खव्याची मिठाई, घेऊन येतो आणि त्यातला चमचाभर खंड्याच्या ताटलीत जातो, हे तिनं आपणहून सांगितलं नाही. विचारल्यावरही अर्धंच सांगितलं.

होळीच्या सुमाराला पहिल्यांदा लक्षात आलं की तो माडीच्या जिन्यावर वर जाताना मागचे दोन्ही पाय जोडीनं उचलतो, सशासारखे. उतरताना वरच्या पायरीवर उभा राहून खाली बघत बसायचा. आतेभाऊ म्हणायचा, आळशी झालाय. मग शहाबादी फरशीवर चालताना मागच्या नखांचा खर्र खर्र आवाज यायला लागला. एप्रिलमध्ये एका रात्री तो जिन्याच्या पाच पायऱ्या गडगडत आला. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर चार दिवस पुढच्या दाराच्या पायऱ्यांनाही पाय लावेना. आत्याचे गुडघे आधीच कामातून गेलेले. तिनं त्याला उचलून गल्लीत न्यायचा प्रयत्न केला आणि स्वतः कंबर धरून बसली. मग मला फोन.

इथं माझी चूक आली. घरी गेलो, पायऱ्या बघितल्या, साइटवरून सेंटरिंगची सव्वाचार फुटी फळी आणली, चारही पायऱ्यांवर टाकली, वर पोतं ठोकलं. अर्ध्या तासात उतार तयार. आत्यानं चहा दिला. खंड्याला पट्टा लावून खाली आणला, तर दुसऱ्या पावलाला त्याचे पुढचे पाय सरकले, तो छातीवर बसला आणि तसाच घसरत गटाराच्या फरशीपर्यंत आला. नंतर आठवडाभर फळी दिसली की शेपूट पोटाखाली.

पायरीची उंची सात इंच, पायटा, म्हणजे पाय ठेवायची रुंदी, दहा इंच. अशा पायऱ्यांवर फळी टाकली की फळीचा चढ जिन्याचाच येणार, म्हणजे ३५ अंश. पायरीवर निदान दर दहा इंचांनी सपाट जागा तरी मिळते. मी ती काढून घेतली आणि चढ तेवढाच ठेवला. वीस वर्षं जिने करणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही, कारण मी पायऱ्यांकडं बघत होतो, कुत्र्याकडं नाही.

त्यानंतर त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. एक्स-रेमध्ये खुब्याचे सांधे झिजलेले आणि कमरेच्या मणक्यांना हाडाचे काटे आलेले दिसले. पण माझ्या ध्यानात राहिलं ते दुसरंच. डॉक्टरांनी त्याला उभं केलं आणि मागचा उजवा पंजा उलटा करून, म्हणजे बोटांची पाठ खाली टेकवून ठेवला. खंड्यानं तो लगेच सुलटा केला. मग डावा तसाच ठेवला. पंजा तसाच. एक, दोन, तीन… मग सावकाश, जणू कुणी आठवण करून दिल्यासारखा, तो सुलटा झाला. "पाय कुठं आहे हे त्याला उशिरा कळूलालंय," डॉक्टर म्हणाले. दुखणं सांध्याचं होतंच, पण डाव्या पायाची नसही मंद झाली होती. नखं पुढून घासली जात होती ती त्यामुळं.

आतेभावानं त्याला घरातली आयब्युप्रोफेनची अर्धी गोळी दोनदा दिली होती. ते ऐकून डॉक्टर चांगलेच उखडले. माणसाला चालणारी ही गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण करते आणि मूत्रपिंड निकामी करू शकते. त्यांनी त्यांचं औषध वजनाप्रमाणं मोजून लिहून दिलं, नखं कापली आणि वजन उतरवायला सांगितलं. कुंदा बंद. उताराबद्दल त्यांनी एकच गोष्ट सांगितली: चढण्यापेक्षा उतरण्याचा विचार करा. उभ्या कुत्र्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन एरवीही पुढच्या पायांवर असतं. उतरताना ते आणखी पुढं ढकललं जातं आणि मागच्या पायांना ब्रेक लावायचं काम करावं लागतं. तेच पाय तर गेलेले.

आता मी टेप काढला. पुढच्या दाराशी जोत्याची उंची अठ्ठावीस इंच. म्हाताऱ्या, मोठ्या कुत्र्याला एकास चारचा उतार, म्हणजे इंचभर उंचीला चार इंच लांबी, साधारण चौदा अंश, सोसतो. तरण्या कुत्र्याला एकास तीनही चालून जातो, पण नस मंद असलेल्याला मी तो देणार नाही. अठ्ठावीसला चारनं गुणलं की एकशे बारा इंच, सव्वानऊ फुटांच्या वर. पुढं जागा गटार धरून पाच फूट. वळण घेऊन, मधे तीन बाय तीनचा सपाट टप्पा काढून करता आलं असतं, पण मग आत्याला घरात यायला वाट उरली नसती आणि गल्लीतल्या गाड्यांना तो लाकडी कोपरा रोज लागला असता.

आतेभाऊ म्हणाला, मागचं दार बघू. तिथं तीन पायऱ्या आणि पुढं परस. पण न्हाणीचं पाणी तिथूनच वाहतं, बारा महिने ओल.

बोळातल्या दाराचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता, कारण ते दार कुणी दार धरतच नव्हतं. सायकल बाजूला केली, टेप लावला: बोळाची जमीन मागं चढत जाते, त्यामुळं तिथं जोत्याची उंची फक्त सतरा इंच. आणि भिंतीलगत सरळ अठरा फूट लांबी मोकळी. अशा कामात सुताराला बोलवायच्या आधी घराची सगळी दारं मोजावीत हे मी तिथं शिकलो. उतार बसवायचा तो जिथं उंची कमी आणि लांबी जास्त तिथं, आणि ते दार बहुतेक वेळा आपण वापरत नसतो.

अडचण उंबऱ्याची होती. सतरा इंचांवर तीन इंचांचा सागवानी उंबरा. डावा पंजा ओढत चालणारं कुत्रं तिथंच अडखळणार. मी सहज म्हटलं, हा काढून टाकू. आत्या न्हाणीतून बाहेर आली. "उंबरा कापूलालास काय रे? मी हाय तंवर त्याला हात लावायचा नाही." विषय संपला. मग उतार उंबऱ्याच्या माथ्यापर्यंत न्यायचा ठरला: एकूण उंची वीस इंच, जमिनीवरची लांबी सात फूट. साडेतेरा अंशांच्या आत बसलं. आतल्या बाजूला उंबऱ्याला टेकून फूटभर लांबीची लाकडी पाचर केली, तीन इंचांवरून शून्यावर येणारी. दार आत उघडतं, म्हणून पाचर सुटी ठेवावी लागली. रात्री दार लावताना पायानं सारायची, सकाळी परत लावायची. आत्या ते विसरत नाही. आतेभाऊ विसरतो.

सुतारमामा कानडी, पण मराठी आमच्याइतकंच बोलतात. माडीचं कौलारू छप्पर दुरुस्त केलं तेव्हाचे सागवानी वासे माळ्यावर पडून होते, त्यांतलेच दोन बाजूंना घेतले. त्यांच्यामध्ये दर दीड फुटावर आडवं लाकूड, वर एकोणीस एमएमचा मरीन प्लाय, रुंदी दोन फूट. दोन्ही कडांना चार इंच उंच पट्टी, म्हणजे पंजा बाहेर जाणार नाही. मामांना वर आडव्या पट्ट्या ठोकायच्या होत्या, कोंबड्यांच्या खुराड्याला असतात तशा. बाजारात मिळणाऱ्या पाळीव जनावरांच्या उतारांवरही त्या दिसतात. सशक्त कुत्र्याला त्या उपयोगी पडतात. खंड्याचा डावा पंजा मात्र प्रत्येक पट्टीत अडकला असता. डॉक्टरांनी पंजा उलटा करून बघितला नसता तर मीही पट्ट्याच ठोकल्या असत्या.

मग पकड कशाची? काथ्याची चटई आमच्या पावसात वाळतच नाही. भोकांच्या रबरी मॅटमध्ये नख अडकतं. आतेभाऊ उद्यमबागेत एका फाउंड्रीत आहे. त्यानं भंगारातून वाळू वाहणाऱ्या कन्व्हेयरचा पट्टा आणला, आठ एमएम जाड, वाळूनं घासून खरखरीत झालेला. हाताला लागतो तो वहीच्या पाठीच्या पुठ्ठ्यासारखा, पण ओला झाला तरी सरकत नाही. प्लायवर चिकटवून कडेनं स्क्रू मारले, स्क्रूची डोकी आत बुडवून. पायथ्याला प्लाय आणि पट्टा मिळून इंचभराची धार उभी राहत होती. मामांनी रंधा मारून ती जमिनीला मिळवली. सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत, त्यातला मोठा भाग प्लाय आणि मामांची मजुरी.

उतार बसला. खंड्या त्याच्याकडं बघेना.

एक तर वास. पट्ट्याला तेलाचा आणि जळक्या वाळूचा वास होता. सोड्यानं दोनदा धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि त्यावर त्याची जुनी गोधडी चार रात्री अंथरली. तरी तो पायथ्याशी येऊन नाक लावायचा आणि परत फिरायचा. मामांनी कडेच्या पट्ट्यांना हौसेनं रेड ऑक्साइडचा लाल रंग दिला होता. मला तो छान ठसठशीत दिसायचा. पण कुत्र्याच्या डोळ्याला लाल रंग लाल दिसत नाही. त्याला निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल त्याच्या लेखी काळपटच. वर खंड्याच्या डोळ्यांत वयानं निळसर झाक आलेली. म्हणजे अंधाऱ्या बोळात काळ्या पट्ट्याला काळीच कड. त्याच्या बाजूनं बघितलं तर आम्ही त्याला विहिरीच्या कडेवर चालायला सांगत होतो. कडांना पांढरा ऑइलपेंट दिला, मधोमध आडवी एक पांढरी रेघ मारली आणि दारावर बल्ब लावला. दुसऱ्या दिवशी त्यानं पुढचे दोन पाय वर ठेवले.

मग मात्र घाई केली नाही. उतार दारापासून सोडवून अंगणात सपाट ठेवला आणि तीन दिवस नुसता त्यावरून चालवला. मग एका टोकाखाली एक वीट, दोन दिवसांनी दोन. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे, नाहीतर भाकरीचा कोपरा. बक्षीस टोकाला नाही, वाटेत द्यायचं, म्हणजे तो शेवटची उडी मारत नाही. आत्याच्या जुन्या सुती साडीची चौपदरी पट्टी करून ती त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घेतली आणि दोन्ही टोकं वर धरली. उचलायचं नाही, फक्त तोल गेला तर आधार. नर कुत्रा असेल तर पट्टी थोडी पुढं धरावी, नाहीतर त्याला मुतताना अडचण होते. हे आम्हाला साडी दोनदा धुतल्यावर कळलं.

मामा काम संपल्यावरही संध्याकाळी यायचे. खंड्या उतरायला लागला की दारातून हळू आवाजात म्हणायचे, "निधान, निधान." कानडीत सावकाश. आठवड्यात त्या शब्दाला खंड्या पाऊल आवरायला लागला. आम्ही "हळू" म्हटलं तर बघतसुद्धा नाही. आता सगळं घर त्याच्याशी तेवढा एक शब्द कानडी बोलतं.

जूनचा पहिला मोठा पाऊस पडला आणि माझी दुसरी चूक बाहेर आली. शेजारच्या कौलांच्या वळचणीचं पाणी बरोबर उताराच्या मधल्या फुटावर पडत होतं. मेमध्ये माप घेताना आभाळ कोरडं, मला दिसलंच नाही. पंधरा दिवसांत तिथं हिरवी बुळबुळ धरली. खंड्या त्या जागी यायचा, थांबायचा आणि उलटा फिरायचा प्रयत्न करायचा. दोन फुटांच्या रुंदीत ते शक्य नाही. शेवटी त्यानं तीन दिवस उंबऱ्यावरूनच सगळं उरकलं. शेजाऱ्यांना विचारून वळचणीला पत्र्याची पन्हाळ लावली. ते म्हणाले, "कुत्र्यासाठी एवढं कशाला करूलालासा?" आणि शिडी स्वतःच धरून उभे राहिले. बुळबुळीवर ब्रश आणि चुन्याची निवळी. पायथा ओल्या जमिनीवर टेकला होता, तो कडप्प्याच्या तुकड्यावर घेतला, आणि भिंतीपासून दोन इंच जागा सोडून उतार सरकवला, वारा खेळावा म्हणून.

एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. आत्यानं पुढच्या पायऱ्या सोडून उतारावरून जायला-यायला सुरुवात केली, कारण गुडघा वाकवावा लागत नाही. तिला थांबवायला फार वेळ लागला. चाकाच्या खुर्चीसाठी माणसांचा उतार एकास बारा धरतात. खंड्याचा एकास चारच्या जवळपास. चार पायांच्या जनावराला तो सोसतो, पण गुडघे गेलेल्या माणसाला, तेही पावसात, नाही. तिच्यासाठी पुढच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा लावून दिला. तो आधीच लावायला हवा होता, हे तिनंही ऐकवलं.

राहिली माडी. खंड्या जन्मभर आतेभावाच्या गादीशेजारी वर झोपलेला. दुसरी पाळी करून आतेभाऊ रात्री साडेअकराला आला की हा त्याच्या मागं वर. तो जिना लाकडी, तेरा पायऱ्या, प्रत्येक आठ इंच उंच आणि आठच इंच रुंद. उंची एकशे चार इंच. एकास चारनं उतार करायचा तर साडेचौतीस फुटांच्या वर जागा, आणि घराचीच लांबी चाळीस. मी आकडा सांगितला, कुणी वाद घातला नाही. जिन्याच्या तोंडाला जाळीचं फाटक लावलं. चार रात्री खंड्या फाटकाशी उभा राहून कण्हत होता. पाचव्या रात्री आतेभावानं गादी खाली मागाच्या खोलीत आणली. "तात्पुरती," म्हणाला. अजून तिथंच आहे.

दिवाळीपर्यंत खंड्याचं वजन अठ्ठावीसवर आलं. साडीचा आधार गणपतीच्या आसपासच सुटला होता. चढताना आता तो मधे थांबत नाही. उतरताना थांबतो, पांढऱ्या रेघेवर. गेल्या महिन्यात डाव्या पंज्याची मधली दोन नखं पुन्हा घासलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, नस आहे, ती मागं येत नाही. पंज्याला घालायला सायकलच्या ट्यूबचा मोजा करून बघितला, तो त्यानं दोन दिवसांत खाल्ला. पायथ्याची रंधा मारलेली धार थोडी फुगलीय, ती मेमध्ये बदलायची. पट्ट्याचा एक तुकडा त्यासाठी माळ्यावर ठेवलाय.

परवा संध्याकाळी मी बोळात उभा होतो. तो दारात आला, पाचर ओलांडली, उंबऱ्यावर पुढचे पाय ठेवले, उतरायला लागला आणि रेघेपाशी थांबला. स्वयंपाकघरातून, भाकरी थापता थापता, न बघताच आत्या म्हणाली, "निधान." त्यानं डावा पाय उचलला, जरा वेळ हवेत धरला, टेकवला आणि खाली आला. वीस सेकंद. मी मोजले.